माडावरचा अँटेना

परवा आगरदांड्याच्या जेट्टीवर कुणाच्या तरी मोबाइलवर ते डिस्को गाणं वाजलं आणि मी थेट ऐंशीच्या दशकातल्या मुरुडच्या आमच्या अंगणात जाऊन पोहोचलो. आळीतला पहिला टीव्ही आमचा, आणि मुंबईचं चित्र पकडायला अँटेना बांधलेला माडाच्या शेंड्याला. त्या संध्याकाळी गाण्यांच्या क्रमवारीचा कार्यक्रम होता. आत्याचं लाडकं गाणं पहिलं येतंय का, हे बघायला सगळी आळी जमलेली, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. शेवटी नारळ पाडणारे दादा वर चढले. "दिसतंय काय रं?" ते ओरडले. "न्हाय! अजून अलिबागच्या बाजूला!" आम्ही खालून. चित्र आलं, पण हात सोडला की जाई. म्हणून दादा अँटेना धरून वरच बसले. पहिला नंबर आत्याच्याच गाण्याचा! आवाज मोठा केला, आत्या पदर खोचून नाचायला लागली, आणि इकडे गायिका बरोबर ठेक्यावर मुंग्यांत बुडायची, पुन्हा वर यायची. वर बघतो तर दादा अँटेन्यासकट डोलत होते! काल मोबाइलवर ते गाणं शोधलं. चित्र लख्ख, गायिका एकदाही बुडेना. मला काही करमेना. मग मीच ठेक्यावर पडद्यापुढे हात धरला, काढला, धरला, काढला.