ट्रेलरमागचं खोकं

पाराना नदीत होडी सोडायची तर ट्रेलर मागे मागे नेत पाण्यात बुडवावाच लागतो. दिवे भिजतात, वायरी भिजतात. म्हणून आमच्या गावात नेमेसिओ उस्तादाला कामाची कधी ददात नव्हती.

वायरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणं त्याला पटत नसे. "ती मलमपट्टी झाली," म्हणायचा. दोन्ही टोकांचं तांबं उघडं करून तो छोट्या धातूच्या नळीत घालायचा आणि पकडीनं दाबायचा. वायरीत आधीच ओवून ठेवलेली दुसरी, प्लास्टिकची नळी त्यावर सरकवून गरम करायचा. ती आक्रसायची, तिच्या आतला डिंक वितळायचा, पाण्याला वाट उरायची नाही. शेवटी जोड ओढून बघायचा.

मग तो गाडीत बसून ब्रेक दाबी. ट्रेलरच्या मागे त्याची बायको डेल्मिरा खोक्यावर बसलेली असे, हातात तेरेरेचं, म्हणजे पाल्याच्या थंड काढ्याचं, शिंग.

"लागला रे म्हाताऱ्या! आता डावा! अरे डावा! लग्नातसुद्धा अंगठी भलत्याच हातात घातलीस!"

मार्चमध्ये डेल्मिरा गेली. उस्तादानं तिच्या खोक्यावर न्हाणीतला आरसा टेकवून ठेवला. गाडीत बसून मान वळवली की त्यात दिवे दिसत.

ऑगस्टमध्ये फेर्मिन कोळी तणतणत आला.

"उस्ताद, माझा ब्रेकचा दिवा तुमच्या आरशातच राहिला वाटतं! मागून ट्रक आला असता तर मी माशांबरोबरच बर्फात गेलो असतो."

उस्तादानं तो जोड कापला. वायरीच्या आत तांबं काळं पडलं होतं. तेव्हा ओढल्यावर जोड धरून राहिला होता, पण वीज पुढे जात नव्हती. आणि आरशात? त्या दिवशी दुपारचं ऊन लाल काचेवर पडलं होतं. त्याला दिवा लागलेला वाटला.

"सगळे म्हणतात, आता ट्रेलर शहरात न्यावेत," फेर्मिन हळू आवाजात म्हणाला. "या दिव्याबद्दल मी अजून कुणाला काही बोललो नाही."

उस्ताद वायर मागे मागे कापत गेला, तांबं चकचकीत लागेपर्यंत. नवा जोड केला.

"मागे मी उभा राहतो," मी म्हणालो. शाळा सुटली की मी त्याचं काम बघत तिथंच रेंगाळायचो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आरसा उचलून भिंतीला लावला. गाडीत बसला.

"लागला," मी ओरडलो. "डावा. उजवा. पुन्हा ब्रेक."

सगळं ठीक होतं. फेर्मिन ट्रेलर जोडून निघून गेला. उस्ताद हात पुसत माझ्याजवळ आला.

"बरोबर सांगितलंस, पोरा. पण उद्या येऊ नकोस."

"का? ऊन तर उद्याही पडणारच."

"उन्हाचं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी मी तरीही गेलो. फाटकातून दिसलं, त्यानं खोक्यावर जुनी ताडपत्री ताणली होती. खाली गर्द सावली. आरसा परत खोक्यावर. समोर कुणाचा तरी ट्रेलर. उस्ताद गाडीत बसून, मान वळवून आरशात बघत होता. ब्रेकचा दिवा लागला.

"लागला रे म्हाताऱ्या," तो म्हणाला.

मी कडीवरचा हात काढला.

"आता डावा. अरे डावा! लग्नातसुद्धा..."

सिग्नलच्या दांडीकडे त्याचा हात गेलाच नाही. डावा दिवा लागला नाही. ब्रेकचा मात्र लागूनच राहिला.