डोळा मारणारे मासे

तमाम पेणकरांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मासे डोळा मारतात. हमरापूरच्या एका गणपतीच्या कारखान्यात मी हे पाहिलं. तिथल्या म्हाताऱ्या रंगाऱ्याने काचेच्या टाकीत शिंगाळ्याच्या जातीचे, बोटाएवढे, मिशीवाले मासे पाळले होते. काचेवर त्यांची अंडी चिकटलेली. हात थरथरायला लागल्यापासून त्याचा स्वतःवर भरवसा उरला नव्हता. गणपतीचे डोळे आखले की तो मूर्ती टाकीसमोर धरी. माशाने डोळा मिचकावला तरच मूर्ती द्यायची, नाहीतर डोळे पुसायचे.

उद्यावर चतुर्थी आलेली, मी आणि बायको मूर्ती न्यायला गेलेलो. त्याने आमची मूर्ती धरली. सगळे मासे काचेपाशी आले आणि एकटक बघत राहिले. एकाचाही डोळा हलेना.

"वहिनी, माशांना नाय पटला," म्हणत त्याने ओलं फडकं उचललं.

माझ्या बायकोच्या तोंडून निघालं, "थांबा काका, गणपतीने मिचकावला."