दार लावून बसलेलं बोंड

मी चौथी शिकलो. लिहिताना चुकतो. पण दुसऱ्याकडून लिहून घेतलं तर तो गोड करील, म्हणून मीच लिहितो.

ज्याच्याबद्दल लिहितो तो नट आमच्याच गावचा, फुलसावंगीच्या अंगाला. आता सिनेमाच्या फलकावर त्याचं तोंड असते. पहिले दिवाळीनंतर गावात दंडारीचा खेळ व्हायचा, त्यात बाईचं सोंग घ्यायचा आणि मी पडदा धरायचो. लुगडं नेसायला त्याला माझ्या बायकोनं शिकवलं. लुगडं तिचंच, बांगड्याही तिच्याच. निऱ्या सुटल्या की ती म्हणे, "भाऊजी, बाई व्हाले पोट आत घ्या लागते, नुसती मान हालवून नाई होत." तो हसायचा आणि दोन भाकरी जास्त खायचा. पुढं यवतमाळला नाटकात गेला, बक्षिसं मिळाली, मग मुंबईनं बोलावलं. पहिला सिनेमा पाहायला आम्ही नवराबायको एस.टी.नं यवतमाळला गेलो. त्यात तो चहा ठेवून निघून जाते. तेवढ्यासाठी हिनं टाळ्या वाजवल्या.

मग कपाशीची ती वाईट वर्षं आली. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी. बायको न उमललेल्या बोंडाला रागवायची, "काहून व माय, दार लावून बसली? कोनाले घेतलं घरात?" वेचणाऱ्या बाया हसून लोळायच्या, आणि हसता हसता ओळ सरायची. दुसरं हसायला होतं काय? एकदा तो गावी आला तेव्हा वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसून त्यानं हे ऐकलं. "वयनी, पुन्हा एकडाव म्हना ना." तिनं म्हटलं. खुशीनं म्हटलं.

नंतरच्या एका सिनेमात तो कपाशीशी बोलणारी म्हातारी झाला. तेच शब्द, कमरेवर तसाच हात. 'घरात कोणाला घेतलं' याचा भलताच अर्थ त्यानं डोळ्यातून काढला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. तेही सोसलं असतं. पण टीव्हीवर त्याला विचारलं, ही म्हातारी सापडली कुठं? तो म्हणाला, "आमच्या गावात एक वेडी बाई होती."

मग गावातली टवाळ माणसं येता-जाता तिला विचारत, "काकू, कोनाले घेतलं घरात?" ती वावरात मुकी झाली. नंतर घरातही. मी चिडायचो, बोल ना व! ती म्हणे, "येडी बोलली तर लोक हासतीन." एकच गोष्ट तिच्या मनात राहिली. त्यानं गावात येऊन चार माणसांपुढं सांगावं, ही येडी नाही. मी निरोप धाडले. तो आला नाही. तिनं वाट पाहिली आणि गेली.

तेरवीला मात्र आला. मोठी गाडी घेऊन. लोक पंगत सोडून फोटो काढायला उठले. माझे हात धरून तो रडला. आधी खांदे हलले, मग डोळे भरले. दंडारीतही तो असाच रडायचा.

मी म्हटलं, "बोल आता. सारे बसून आहेत."

"काय बोलू, दादा?"

"ती येडी नव्हती, येवढंच."

"दादा, टीव्हीवर तसं बोला लागते. ते कोन मनावर घेते!"

तेवढ्यात पंगतीतून कोणीतरी ओरडलं, "ओ हिरो, तो कपाशीचा डायलॉग होऊन जाऊ द्या!"

मला वाटलं, नाही म्हणेल. माझ्या बायकोची तेरवी होती. त्यानं कमरेवर हात ठेवला.

"काहून व माय, दार लावून बसली?"

पंगत हसली. मी त्याच्या थोबाडीत मारायला हवी होती. पण माझा हात उठला नाही, कारण कितीतरी महिन्यांनी माझ्या आंगणात तिचा आवाज आला होता. 'माय' म्हणताना ती जरा ओढायची, तेही त्यानं बरोबर उचललं होतं.

"पुन्हा म्हन," मी म्हटलं.

त्याला वाटलं, मला आवडलं. त्यानं पुन्हा म्हटलं. मी डोळे मिटून ऐकलं.

"झालं," मी म्हटलं. "आता जाय. इथं जेवू नको."

तो गाडीत बसला. तिचा आवाज घेऊनच गेला.