बिनछपराचं गाव

शालन कुणाच्याही घरी गेली की आधी मोरीत डोकावायची. मग पिंपाचं झाकण उचलायची. पाहुणी म्हणून आलेली असो, लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेली असो की कुणाच्या मयताला, तिला फरक पडत नसे. घाटकोपरच्या डोंगरावर तिने आयुष्यभर हेच काम केलं होतं. घरोघरी जायचं आणि साठवलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या आहेत का ते बघायचं. नोकरी संपली, सवय राहिली. माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा मी चहा टाकायला वळले आणि ही मोरीत. मी म्हटलं, "काय हरवलं गं तुझं?" तर म्हणाली, "पाणी तुंबतंय तुझ्याकडं. जाळीत केस अडकलेत." आमची ओळख अशी झाली.

झोपड्यांच्या जागी बिल्डिंग झाली तेव्हा आमची दारं समोरासमोर आली. मी मालवणकडची, नवरा गिरणीतला. ती बीडकडची. मी चौथी शिकलेली, ती दहावी. तोंडाला दोघी सारख्याच. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, "बघितल्याशिवाय बोलू नये." गच्चीवरच्या टाकीत कबूतर मेलंय अशी बोंब उठली तेव्हा बायका जिन्यात उभ्या राहून सेक्रेटरीला शिव्या देत होत्या. ही शिडी लावून टाकीवर चढली, बघून आली आणि म्हणाली, "कबूतर नाही, कुणाचं तरी फडकं आहे. आता द्या शिव्या."

तिच्या कपाटाच्या दाराला आतून एक कॅलेंडरचं पान चिकटवलेलं होतं. कामावर असताना एका घरी पिंपाच्या वर ते लटकत होतं, वर्ष संपल्यावर तिने मागून आणलं. हिरवेगार डोंगर, ढग, आणि मध्ये दगडी घरं. ओळीने घरं, पण एकाच्याही डोक्यावर छप्पर नाही. मी म्हटलं, "ह्यात काय बघतेस? पडकं गाव." ती म्हणाली, "पडकं नाही. भिंती बघ की, सरळ आहेत. फक्त छप्पर गेलंय."

मग तिने सांगितलं. तरुणपणी ती मानखुर्दला राहायची. मुलगा पाळण्यात होता तेव्हा तिची झोपडी तोडली. तोडायला येतात ते आधी वरचे पत्रे काढतात. ती म्हणाली, "वरचं गेलं की आपलंच घर परकं दिसतं गं. चूल आपली, भांडी आपली, पण रस्त्यावरची वाटतात." त्या चित्रातल्या लोकांचं काय झालं, हे तिला बघायचं होतं. त्यांचीही कुणी तोडली का, आणि मग ते गेले कुठं.

बरीच वर्षं तिला वाटत होतं की हे गाव जुन्नरच्या बाजूला असणार, एस.टी.ने जाऊन येऊ. शेवटी सुनेने, प्रियाने, ते पान बघितलं आणि सांगितलं, "आई, हे पेरूमध्ये आहे. देशाचं नाव आहे. गावाचं नाव माचू पिचू."

मी म्हटलं, "पेरू? म्हणजे उपाशी तरी मरणार नाहीस."

"हस तू," शालन म्हणाली. "तुलाच नेणार आहे. तंबूत जोडीला कुणीतरी लागतं."

मला वाटलं विसरेल. ती विसरली नाही. मुलुंडचा केतन नावाचा एकजण परदेशातही डोंगरात ग्रुप नेतो, त्याला तिने गाठलं. गाडीनेही तिथे जाता येतं असं त्याने सांगितलं, पण हिला त्या लोकांच्या जुन्या दगडी वाटेनेच जायचं होतं. "ते चालत गेले ना? मग मला गाडी कशाला." आम्ही बिल्डिंगचे जिने चढउतार करायला लागलो. रविवारी बोरिवलीला जाऊन कान्हेरीच्या पायऱ्या. माझे गुडघे तेव्हाच गेलेले. ती पुढून ओरडायची, "ये गं म्हातारे." माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच लहान असेल. मी म्हणायचे, "तिथे मला खांद्यावर घे म्हणजे झालं." सगळ्यांना वाटत होतं की मीच परत फिरणार.

पेरूतल्या त्या वाटेवर पहिला दिवस बरा गेला. सामान तिथले हमाल नेत होते, आमच्या दुप्पट वेगाने. दुसऱ्या दिवशी मोठी खिंड होती. पायऱ्या सरळ वर, आणि हवा अशी की ओढली तरी पोटात जात नाही. शालन सकाळपासून खोकत होती. मी दोनदा विचारलं, दोनदा म्हणाली, "थंडी आहे." मग ती एका दगडावर बसली आणि बसल्यावरही तिचा श्वास घरघरत राहिला. ओठ जांभळटसर दिसत होते. तिथल्या वाटाड्याने तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा बघितला आणि केतनकडे बघून मान हलवली.

केतन म्हणाला, "मावशी, खाली जायला लागेल. आत्ताच."

"जरा बसते. मग येते हळूहळू."

"बसून जाणारं नाही हे. छातीत पाणी होतंय. खाली गेलात तरच बरं वाटेल."

मी माझी काठी उचलली आणि म्हटलं, "चल, मी पण उतरते."

"तू कशाला? दोघी उतरलो तर बघणार कोण?"

"मला नाही बघायचं."

"मला बघायचंय ना. तू जा." मग दम घेत घेत म्हणाली, "नीट बघ. घरात शिर. चूल कुठं, पाणी कुठून यायचं, कुठं जायचं. बाहेरून फोटो काढून येऊ नको."

दोन माणसं तिला धरून खाली घेऊन गेली. तिला थोडं इंग्रजी येत होतं, मला येत नव्हतं, म्हणून मी सोबत असते तरी उपयोग नव्हता. मी बघत उभी राहिले नाही. उभं राहिलं की थंडी वाजत होती.

त्या खिंडीचं नाव मेलेल्या बाईची खिंड, हे केतनने मला पलीकडे उतरल्यावर सांगितलं. मी म्हटलं, बरं केलंस.

शेवटच्या दिवशी पहाटे आम्ही पोचलो. आधी नुसतं धुकं होतं. मग ते वर सरकलं आणि खाली ते गाव दिसलं. कॅलेंडरात होतं तसंच. ग्रुपमधली माणसं रडली, एकमेकांच्या गळ्यात पडली. मला काही वाटलं नाही. खरं सांगते, काहीच नाही. सांगितलेलं काम म्हणून मी घराघरात शिरले. दगडांच्या सांध्यात नख घालून पाहिलं, गेलं नाही. दगडी पन्हळातून पाणी अजून वाहत होतं, स्वच्छ.

शालन तिथल्या शहरात हॉस्पिटलमध्ये होती, नाकात नळी. मी गेले तर तिने आधी विचारलं, "बघितलंस?"

"बघितलं."

"सांग."

"घरं आहेत. छप्परं नाहीत."

"ते दिसतंय गं मला कॅलेंडरात. कुणी तोडली?"

"कुणी नाही. गवताची होती म्हणे. कुजली."

तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. "आणि माणसं?"

"निघून गेली."

"कुठं?"

"मी नाही विचारलं."

"विचारायचं ना. केतन होता की." डॉक्टरांनी तिला हलायची परवानगी दिली ती थेट घरी यायलाच. गाडी त्या गावापर्यंत जात होती, पण तिला जायला बंदी.

घरी आल्यावर बायका विचारायला आल्या. शालन म्हणाली, "हिला विचारा, ही गेली होती." मी म्हटलं, "बरं होतं. चढ फार." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दोन-चार वेळा असं झाल्यावर शालनलाच राहवेना. ती सांगायला लागली. पाणी कसं वळवलंय, दारं वर निमुळती कशी, सकाळी धुकं घरातून कसं निघून जातं. मी तिला सांगितलेलंच, एकेक शब्द ओढून काढलेलं, पण तिच्या तोंडून मलाही नवं वाटायचं. "मी बघितलं" असं ती एकदाही म्हणाली नाही. ऐकणाऱ्यांनी आपलं आपण धरून घेतलं.

ती गेली ती एका दुपारी, जेवून आडवी झाली तेव्हा. प्रियाने दार वाजवलं, मी गेले, हात लावला, गार होता. मी तिचे पाय सरळ केले. मला रडू आलं नाही, अजून आलेलं नाही.

पुण्यानुमोदनाला तिच्या कामावरच्या बायका आल्या होत्या. बोलणं तिच्या पेरूचंच. एकीने मला विचारलं, "आजी, तुम्ही पण होतात ना शालनताईंबरोबर तिथे?"

प्रिया चहाचे कप घेऊन उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हटलं, "होते. पण मला दम लागला, मी अर्ध्या वाटेवरून परतले. वर ती गेली."