खात्रीचा रकाना

ऑफिसात त्यांना सगळे बहुधासाहेब म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं. नाव पडायला कारणही तसंच होतं. एकतीस वर्षांत या माणसाने कुठल्या प्रश्नाला सरळ हो किंवा नाही म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. साहेब, उद्या येणार ना? बहुधा. साहेब, तुमचं लग्न झालंय का? यालाही ते सवयीने बहुधा म्हणून गेले आणि मग जीभ चावली, पण तोवर गोष्ट तिन्ही मजल्यांवर पोचली होती.

उगाच हसू नका. खोड त्यांची नव्हती, कामाची होती. बहुधासाहेब उपग्रहाने टिपलेली जमिनीची चित्रं वाचायचे. चित्र टेबलावर घ्यायचं, आणि नदीने गाळ कुठे टाकलाय, वाळूच्या टेकड्या कुठे सरकतायत, जुना लाव्हा कुठवर वाहत आला होता, हे ओळखून नकाशावर रंगवायचं. ऐकायला सोपं आहे हो! पण ऊन चित्राच्या खालच्या बाजूने पडलेलं असलं की डोळा फसतो, दरी डोंगरासारखी फुगलेली दिसते आणि डोंगर दरीसारखा खोल. नवा माणूस हमखास तोंडावर आपटतो. म्हणून बहुधासाहेब चित्र आधी उलटं धरून बघायचे, मग सुलटं, आणि मगच पेन्सिल उचलायचे. शेवटी फॉर्म भरायचा. त्यात अखेरचा रकाना खात्रीचा: निश्चित, संभाव्य किंवा शंकास्पद. निश्चित तेव्हाच लिहायचं, जेव्हा कुणीतरी त्या जागी पायी जाऊन आलंय. पायी जाणारं खातं वेगळं, वरच्या मजल्यावरचं, आणि तिथे माणसांचा कायम दुष्काळ. त्यामुळे बहुधासाहेबांच्या रकान्यात जन्मभर संभाव्यच.

वीस वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग त्यांच्या ताईने घरासाठी जागा पाहिली.

ताई दहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा यांचे केस विंचरण्यापासून कान उपटण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. पुढे ती नर्स झाली आणि लग्न, संसार राहूनच गेलं. आधी हॉस्पिटलची क्वार्टर, नंतर भाड्याची एक खोली. त्या खोलीला खिडकी एकच, तीही शेजारच्या इमारतीच्या सांडपाण्याच्या पाइपांकडे उघडणारी. निवृत्त झाल्या झाल्या ताईने जाहीर केलं, आता स्वतःचं घर बांधणार, आणि खिडकीतून डोंगर दिसला पाहिजे. जागाही तिनेच शोधली. शहरापासून तासाभरावर, डोंगराच्या अर्ध्यावर, फळीसारखी सपाट, बाजूला झरा.

"तुला काही बघायचं असेल तर बघून घे तुझ्या त्या आकाशातून," ती म्हणाली. "सोमवारी सही आहे."

शुक्रवारी बहुधासाहेबांनी चित्रं काढली. एकाच जागेची, जराशा वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली दोन चित्रं जोडभिंगाखाली शेजारी ठेवली की जमीन खरीखुरी वर उठते. तशी ती उठली, आणि त्यांनी भिंग पुसून पुन्हा पाहिलं. सपाटीच्या वर अर्धगोल कडा होता, भाकरीचा घास तोडल्यासारखा. खाली सगळी ओबडधोबड जमीन, टेंगळं आणि त्यांच्यामधे साचलेली डबकी. तळाशी नदी सरळ येता येता अचानक लांबचा वळसा घालून गेली होती. तिला काहीतरी आडवं आलं होतं. म्हणजे कधीकाळी डोंगराची अख्खी कूस खाली बसली होती, आणि ताईची सपाट जागा त्या दरडीच्या पाठीवर होती. कधी घसरली असेल? पाचशे वर्षांपूर्वी, नाहीतर पाच हजार. पुन्हा घसरेल? कदाचित कधीच नाही. हे काही चित्रात दिसत नाही.

ते वरच्या मजल्यावर गेले. तिथले मुख्य म्हणाले, "सहा महिने लागतील."

"सोमवारच्या आत नाही का?"

"हसवू नका, साहेब."

शनिवारी ते ताईकडे गेले. तिने वहीच्या कागदावर घराचा आराखडा काढून ठेवला होता. खिडकीशी पलंगसुद्धा काढला होता. बहुधासाहेबांनी कडा, डबकी, नदी, सगळं सांगितलं. ताईने पेशंटची तक्रार ऐकावी तसं मधे न बोलता ऐकलं.

"दुरून डोंगर साजरे ऐकलं होतं," ती म्हणाली. "दुरून भीतीदायक आजच ऐकते. अरे, मी त्या जागेवर उभी राहून आलेय. तुझं ते बहुधा मला नको. निश्चित आहे का, तेवढं सांग."

संभाव्य म्हटलं तर ही सोमवारी सही करणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"निश्चित," ते म्हणाले.

ताईने कागदाची घडी केली. सही केली नाही. पुढे दोन वर्षं ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. इकडे सोमवारी बहुधासाहेबांनी त्याच जागेचा फॉर्म भरला. प्रकार, जुनी दरड. खात्री, संभाव्य. फाइल वर गेली आणि तिथेच राहिली.

जागा दुसऱ्या कुणीतरी घेतली. तिसऱ्या वर्षीच्या चित्रात तिथे छप्पर उगवलं, पांढरं, चौकोनी. पुढे दर वर्षी पावसानंतरची चित्रं आली की बहुधासाहेब सगळ्यात आधी तेवढा कोपरा बघायचे. छप्पर जागच्या जागी दिसलं की त्यांना हायसं वाटायचं. आणि खोटं कशाला बोला, थोडं वाईटही वाटायचं. घर ठणठणीत उभं होतं, आणि त्यांची बहीण पाइप बघत बसली होती. एका वर्षी नेमका त्या कोपऱ्यावर ढग आला. नवं चित्र यायला महिना लागला, आणि त्या महिन्यात मनात काय काय येऊन गेलं ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच.

अशी अकरा वर्षं गेली. ते निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी ताईकडे गेले. ताई पलंगावर पाय पसरून बसली होती. आता तिचे गुडघे धरायचे.

"नोकरी संपली," ती म्हणाली. "आता तरी खरं सांग. तेव्हा तुला खात्री होती?"

"नव्हती."

"म्हणजे खोटं बोललास."

"संभाव्य म्हटलं असतं तर तू घर बांधलं असतंस."

"बांधलं असतंच." तिने खिडकीबाहेरच्या पाइपांकडे पाहिलं. "अकरा वर्षं रे," एवढंच म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. बहुधासाहेब मान खाली घालून बसले. तिने कान उपटला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

"कुणी बांधलं का तिथे?" तिने विचारलं.

"हो. गेल्या वर्षी मागे खोलीही वाढवलीय. म्हणजे माणसं वाढली असतील, बहुधा."

"त्यांना सांगितलंस?"

"फाइल वर आहे, ताई. त्यात दरड लिहिलीय. पुढचं ते खातं..."

"फाइलचं नको सांगू. त्या माणसांना सांगितलंस का?"

"नाही."

"मला वाचवायला खोटं बोलता आलं तुला," ती म्हणाली, "आणि त्यांना खरं सांगायला अकरा वर्षं तोंड उघडलं नाही?"

मग तिने गुडघ्यांवर हात दाबून पाय खाली सोडले आणि पलंगाखालची चप्पल चाचपू लागली.

"ऊठ," ती म्हणाली. "गाडी बोलाव. मला रस्ता माहीत आहे."