मुशीचं तेल

माझ्या बायकोला, रिटाला, हे ठाऊक नाही. मुलीला नाही. पेद्रूकाका वारला, त्यालाही शेवटपर्यंत कळलं नाही. आणि चर्चमध्ये जाळीपलीकडे बसलेल्या फादरांना तर नाहीच. दर नाताळाआधी गुडघे टेकून मी पापं सांगतो — राग आला, उपवास मोडला, शेजाऱ्याबद्दल वाईट बोललो, असली किरकोळ — आणि हे एवढं एक तोंडातच ठेवून उठतो. इतकी वर्षं. मग आज तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला क्षमा करू शकत नाही म्हणून. तो अधिकार तुमच्याकडे नाही, आणि मला तो कुणाला द्यायचाही नाही.

मागच्या महिन्यात मुलीने नवी गाडी घेतली. हायवेवरच्या एका दुकानात आम्ही ती घेऊन गेलो. आता गाडीच्या रंगावर आधी पारदर्शक फिल्म चढवतात, वर सिरॅमिक कोटिंग. दुकानातला माणूस हौसेने दाखवत होता. बॉनेटवर मगभर पाणी ओतलं, पाणी टिकेना, घरंगळून गेलं. "काका, काही चिकटतच नाही," तो म्हणाला. मी उठून बाहेर गेलो. मुलगी मागोमाग आली, काय झालं विचारू लागली. म्हटलं, केमिकलचा वास डोक्यात गेला. वासाच्या बाबतीत खोटं बोलणं मला फार सहज जमतं, ते कसं, ते पुढे कळेलच.

माझे बाबा वसईच्या पाचूबंदरचे. इनास तांडेल म्हटलं की किल्ल्यापासून बंदरापर्यंत कुणीही घर दाखवलं असतं. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य, सुकाणू त्याच्या हातात आणि खलाशांचे जीवही. होडी बाबांची आणि त्यांच्या धाकट्या भावाची, पेद्रूकाकाची, भागीत. मी मात्र शिकलो, ऑफिसात लागलो, बोळिंजला फ्लॅट घेतला. बागायतीतल्या रिटाशी लग्न केलं. केळी, फुलं, विहीर, पडवी — तिचं माहेर तसलं. मासळीचा वास त्यांच्या ताटात चालायचा, अंगाला चाललेला नसता. असं मला वाटायचं हं. त्यांच्यापैकी कुणी तसं कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही.

दोन हजार साल उलटून थोडी वर्षं झाली होती, तेव्हा मी गाडी घेतली. गर्द निळी. आमच्या घराण्यातली पहिली. तेव्हा सिरॅमिक नव्हतं, टेफ्लॉन कोटिंग होतं, ते मी करून घेतलं. दारांच्या मुठींखाली नखांचे ओरखडे पडू नयेत म्हणून पारदर्शक पट्ट्या लावल्या. सीटवरचं प्लास्टिक काढू दिलं नाही. बिल्डिंगमधली पोरं क्रिकेट खेळायला लागली की मी गॅलरीत येऊन उभा राहायचो. फादरांनी गाडीला आशीर्वाद देऊन पवित्र पाणी शिंपडलं, तेव्हा ते पाठमोरे होताच मी थेंब मऊ फडक्याने टिपून घेतले — डाग पडायला नकोत. हसा. त्या गाडीचं मला वेड लागलं होतं, आणि त्या वेडाची मला आजही लाज नाही. लाज दुसऱ्याच गोष्टीची आहे.

गाडी आईबाबांना दाखवायला एका शनिवारी आम्ही पाचूबंदरला गेलो. घरासमोर बोंबील वाळत घालायच्या मोकळ्या जागेत मी ती उभी केली. बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. मग आणखी एक. कुठेही हात लावला नाही, फक्त खाली वाकून तळ बघितला. होडी बघणारा माणूस आधी तळच बघतो. "खारा वारा लोखंड खातो रे," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, कोटिंग केलंय, काही होत नाही. ते मान हलवत आत गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार. बाबा चर्चमधल्या पहाटेच्या मिस्साला जाऊन आले होते, आम्ही गाडी तिथेच ठेवून चालत नंतरच्या मिस्साला गेलो. तिथे रिटाचे वडील भेटले, ते गाडी बघायला आमच्याबरोबर घरी आले. वळणावरच वास आला. ज्याने तो घेतलाय त्यालाच कळेल. मुशीच्या काळजाचं तेल. मुशी म्हणजे लहान शार्क मासा, त्याचं काळीज कढवून काढलेलं तेल आमच्याकडे लाकडी होडीला चोपडतात, पाण्याने लाकूड खाऊ नये म्हणून. तो वास अंगाला लागला की चार आंघोळी करा, जात नाही.

बाबांनी माझी गाडी तळापासून टपापर्यंत तेलाने चोपडली होती. गोणपाट अंथरून खाली झोपून तळाला लावलं होतं, मग दारं, मग बॉनेट. एक बोटभर जागा सुटली नव्हती. हातात जुन्या सदऱ्याचा बोळा, कोपरापर्यंत तेल, आणि चेहरा — तो चेहरा सांगायलाच हवा — खुशीत होता. दिवसभराचं काम मनासारखं झाल्यावर माणसाचा होतो तसा.

"होरीला लावतो ना, तोच तेल लावलाय," ते म्हणाले. "आता दहा वर्सा बघाला नको."

रिटा हसली. खरंच हसली, मोकळं. म्हणाली, असू दे, धुऊन टाकू. माझ्या सासऱ्यांनी मात्र खिशातून रुमाल काढून नाकाला लावला आणि एक पाऊल मागे सरकले. बस, एवढंच झालं. एक रुमाल, एक पाऊल. पण माझ्या कानशिलांतून जाळ निघाला. शेजारीपाजारी जमले होते, पेद्रूकाकाही आला होता. आणि मी सासऱ्यांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, अगदी शांतपणे म्हणालो की माफ करा, बाबांचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं.

तुम्ही म्हणाल, रागात माणूस काहीही बोलतो. हो. एवढंच असतं तर मीही तेच म्हटलं असतं आणि हे लिहायला बसलो नसतो. बाबांनी ते ऐकलं. बोळा हातात तसाच. मोरीकडे हात धुवायला गेले. मी गरम पाणी मागवलं, साबणाची भुकटी घेतली, काथ्याने गाडी घसाघसा घासली. टेफ्लॉन गेलं ते त्या काथ्याने. रंगावर बारीक रेघा उठल्या त्याही माझ्याच हातच्या. नंतर त्या रेघा मी लोकांना दाखवायचो आणि म्हणायचो, बाबांनी केलेलं बघा.

तेलाचं पुढे काय झालं असं कुणी विचारेल, म्हणून आत्ताच सांगतो — त्या तेलाने गाडी वाचली, म्हातारा बरोबर होता, असलं काही झालं नाही. वसईच्या हवेत सगळ्यांच्या गाड्या गंजतात तशी माझीही तळातून गंजली. बाबा चुकले होते. लाकडाचं औषध त्यांनी पत्र्याला लावलं. पण चुकणं आणि डोकं जाणं यातला फरक मला कळत नव्हता का? चांगला कळत होता.

पुढच्याच आठवड्यात पेद्रूकाका बोळिंजला माझ्या घरी आला. तो माणूस कधी आमच्या बिल्डिंगच्या पायऱ्या चढला नव्हता. चहाला हात लावला नाही. गावात बोलणं पसरलं होतं, इनास तांडेलाने गाडीला तेल चोपडलं, डोकं ठिकाणावर नाही असं पोरगा स्वतःच म्हणाला. काका सोफ्याच्या कडेला टेकून बसला आणि सरळ विचारलं.

"तू शिकलेला हायस. खरा सांग. भावाचा डोका ठिकानावर हाय का नाय? माजी दोन पोरा त्याच्या होरीवर जातात."

इथे मी थांबू शकलो असतो. एक वाक्य पुरलं असतं — नाही काका, रागाने बोललो. दार बंद होतं, रिटा कामावर होती, ऐकायला कुणी नव्हतं. रागही उरला नव्हता. मग का नाही बोललो? कारण तो पुढचं विचारणार होता. मग बोललास का तसं? आणि मला सांगावं लागलं असतं की माझ्या बापाच्या अंगाच्या वासाची मला लाज वाटली. ज्या वासावर मी वाढलो, शिकलो, त्याची. म्हणून मी म्हणालो, "डॉक्टरला दाखवलंय काका. हळूहळू वाढतं म्हणाले." कुठला डॉक्टर? कुणीच नाही. डॉक्टर मी तिथल्या तिथे, चहा निवत असताना जन्माला घातला.

काका रडला. भावासाठी रडला, माझ्या खांद्यावर हात ठेवून. मी तो हात तिथे राहू दिला.

त्यानंतर सुकाणू काकाच्या थोरल्याकडे गेलं. बाबा आधी भांडले. खूप भांडले. पण वेडा ठरवलेला माणूस भांडला की लोक एकमेकांकडे बघतात. शांत बसला तरी बघतात. जाळं विणताना एक गाठ चुकली की बायका हळहळायच्या, आणि गाठी तर सगळ्यांच्याच चुकतात. मासळीच्या लिलावाच्या वेळी बंदरावर गेले तर कुणीतरी दंड धरून सावलीत बसवायचं. त्यांच्याशी सगळे मोठ्याने, सावकाश बोलायला लागले, लहान पोराशी बोलावं तसं. आईसुद्धा. रिटा तर फार जपायची त्यांना, मासा काटे काढून ताटात घालायची. कोळ्याच्या ताटात, काटे काढून. मी समोर बसून जेवत असायचो.

मला दया आली नाही का? आली. रोज नाही, पण यायची. दयेचं काय करायचं असतं? मी दर रविवारी फळं घेऊन जायचो. लोक म्हणायचे, मुलगा असावा तर असा. मी ते ऐकून घ्यायचो, आणि सांगतो, मला बरं वाटायचं.

आता जे राहिलंय ते. यालाच वळसे घालत होतो, तुमच्या लक्षात आलंच असेल.

एका रविवारी दुपारी बाबा धक्क्यावर एकटेच बसले होते. होड्या चिखलात कलंडलेल्या, ओहोटी लागलेली. मी शेजारी बसलो. माझ्याकडे न बघता, समोर बघतच त्यांनी विचारलं.

"माजा डोका खरंच गेलाय काय रे? मला तसा काय वाटत नाय. पन सगलीच बोलतात. तू सांगशील तो खरा."

त्यांनी काकाला नाही विचारलं, फादरांना नाही. मला विचारलं. धक्क्यावर आम्ही दोघंच. खरं बोललो असतो तर ते उठले असते, मला कदाचित एक ठेवून दिली असती, आणि दुसऱ्या दिवशी होडीवर गेले असते. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणालो, "वय झालं बाबा तुझं. होतं असं."

त्यांनी मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवला. त्या दिवसानंतर भांडण संपलं. कुणी काही विचारलं तर स्वतःच सांगायचे, मला नका विचारू, माझं डोकं बरोबर नाही, पोराला विचारा. आणि मी गाडी घेऊन गेलो की बाहेर यायचे, बोंबलांच्या काठ्यांपाशी उभे राहायचे, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. चुकून गाडीला लागू नयेत म्हणून. मी काचेतून ते हात बघायचो आणि गाडी लावायचो.

तसेच काही वर्षं जगले. त्यांना मातीत ठेवलं तेव्हा पेद्रूकाका सगळ्यांना सांगत होता, गाडीला तेल लावलं तेव्हापासून भाऊ गेलाच होता. लोक हसले, डोळे पुसले. घरात आजही ती गोष्ट मायेनेच सांगतात. माझी मुलगीही सांगते, आजोबांनी पप्पांच्या गाडीला माशाचं तेल लावलं होतं, बिचारे भ्रमिष्ट झाले होते. मी कधी तिला अडवलं नाही.

आता ती हे वाचेल. रिटा वाचेल. पेद्रूकाकाची पोरं वाचतील, पाचूबंदरला जाऊन सांगतील. सांगू देत. तरुण होतो, संसार नवा होता, सासर मोठं होतं — यातलं काहीही माझ्या बाजूने मांडू नका, मी मांडत नाही. सासऱ्यांचा तो रुमालही मध्ये आणू नका, बिचाऱ्यांना वास सहन झाला नाही इतकंच.

इनास तांडेलाचं डोकं शेवटच्या दिवसापर्यंत ठिकाणावर होतं. जगात एकाच माणसाला ते नक्की माहीत होतं, आणि त्यांनी त्यालाच विचारलं होतं.