मधातली थांब

"आवाज बदलला, भाऊ."

दुकानात आल्यावर वहिनींचं पहिलं वाक्य हेच. पदराच्या टोकात बांधून आणलेला सुटा भाग त्या सोडायच्या, कानाशी नेऊन हलवायच्या आणि मगच काउंटरवर ठेवायच्या. बाकीची गिऱ्हाइकं वस्तू डोळ्यांनी पाहतात. वहिनी आधी ऐकायच्या.

त्यांचं माहेर आंधळगावचं, विणकरांचं. चार माग एका खोलीत चालायचे आणि कोणत्या मागावर धागा तुटला हे स्वयंपाकघरात बसून कळायचं, असं त्या सांगत. मला आधी ती बढाई वाटायची. पुढे वाटली नाही.

दिघोरीत माझं दुकान आहे. फवारणी पंप, पाण्याच्या मोटारी आणि धान कापायच्या ग्रास कटरचे सुटे भाग मी विकतो. वहिनींचा नवरा ही यंत्रं दुरुस्त करायचा. वयानं माझ्या बरोबरीचा, आणि दोस्त म्हणावा असा तोच एक. त्याला एक वेड होतं. नागपूरच्या कुण्या हौशी माणसानं कंटाळून टाकून दिलेली रिमोटची गाडी त्यानं आणली होती. हातभर लांब आणि पेट्रोलवर चालणारी. खेळणं म्हणायला जीभ रेटू नये एवढी दणकट. तिचं इंजिन ग्रास कटरच्याच जातीचं निघालं, आणि थोडं घासून-बिसून माझ्या दुकानातला क्लच तिला बसला.

तुमच्यापैकी कुणी ग्रास कटर चालवला असेल तर हा क्लच तुमच्या हाताला माहीत आहे. इंजिन चालू होतं, पण पातं लगेच फिरत नाही. इंजिनासोबत दोन लहान लोखंडी तुकडे, म्हणजे शूज, फिरत असतात. एक स्प्रिंग त्यांना आत ओढून धरते. रेस दिली की शूज बाहेर फेकले जातात, भोवतीच्या डब्याला घासतात आणि त्याला पकडतात. मग डबा फिरतो, आणि डब्यासोबत पातं. गाडीत पात्याच्या जागी चाकं, एवढाच फरक. वहिनींना मी हे समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मंडईतल्या पाळन्यावानी. जोरात फिरला का खुर्च्या बाहेर जातेत." मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा. माझ्या सांगण्यापेक्षा हे बरं होतं. तेव्हापासून मीही गिऱ्हाइकांना पाळण्याचंच सांगतो.

दोस्त संध्याकाळी कामावरून आला की हात धुवायच्या आधी मागच्या आवारात गाडीची एक चक्कर मारायचा. त्याच्या आईला मोतीबिंदूनं दिसेनासं झालं होतं. तिच्यासाठी तो आवाज म्हणजे मुलगा घरी आला. आवाज आला की ती सुनेला म्हणायची, "आला वं बाबू. ताट काढ."

ऐन कापणीच्या दिवसांत एका शेतावर मशीन दुरुस्त करताना त्याच्या छातीत कळ आली. भंडाऱ्याला नेईपर्यंत तो राहिला नाही.

आईनं त्याला चाचपून पाहिलं, रडली, सगळे विधी केले. पण वर्षभरात तिची आठवण विरत गेली. मुलगा गेला हे ती विसरली, मुलगा विसरली नाही. रोज दिवेलागणीला विचारायची, "आला का वं बाबू?" वहिनी खरं सांगायच्या. आणि रोज ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऊर बडवून घ्यायची. जेवण तसंच राहायचं. सकाळी सगळं पुसलेलं, संध्याकाळी पुन्हा तेच.

"रोज एक मयत होऊन राहिली घरात," वहिनी मला म्हणाल्या होत्या.

एका संध्याकाळी त्यांनी सांगायच्याऐवजी फळीवरची गाडी काढली, नवऱ्याला करताना पाहिलं होतं तसं पेट्रोलात तेल मिसळलं, दोरी ओढली आणि आवारात एक चक्कर मारली. आत म्हातारी म्हणाली, "आला." आणि जेवली.

आमच्या गल्लीला हे सहन होईना. त्या वेळी आवारामागून जायचं लोक टाळायला लागले. मी स्वतः दुकान बंद करून घरी जाताना तो आवाज ऐकला की पाय थबकायचे. तो गेलाय हे मला ठाऊक होतं, त्याला खांदा मी दिला होता. तरी पहिल्या क्षणी मनात यायचं, आज लवकर आला वाटतं. मग अंगावर काटा यायचा. गल्लीतले एक वडीलधारे वहिनींना समजवायला गेले, की गेलेल्या माणसाला असं बोलावू नये. वहिनींनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मामाजी, तुमी या ना सांजच्याले. आत्याबाई इचारतील तवा तुमी सांगा, पोरगा गेला म्हनून." सासूला त्या आत्याबाई म्हणत. मामाजी काही आले नाहीत.

मग एक दिवस त्या क्लच घेऊन दुकानात आल्या. आवाज बदलला होता. "मधातली थांब गेली," त्या म्हणाल्या. रेस देण्यापासून गाडी पकडेपर्यंतची ती थांब. "चालू केली का धावतेच. आत्याबाई भेल्या. म्हने, हा माहा बाबू नोहे, कोन घुसला आवारात?"

मी पाहिलं तर स्प्रिंग तुटलेली. शूजना आत धरायला काहीच नाही, त्यामुळे इंजिन सुरू झालं की क्लच पकडणारच. मी नवी स्प्रिंग दिली. दुसऱ्या दिवशी वहिनी परत आल्या. थांब आली होती, पण कमी. गाडी लवकर पकडत होती आणि म्हातारी अजून उपाशी होती.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. म्हातारी छपरीत भिंतीला टेकून बसली होती. बोलायचं नाही, असं वहिनींनी मला दारातच खुणेनं सांगितलं. आवारात त्यांनी गाडी चालू केली. जरा रेस देताच ती पुढे उसळली.

"कोनाच्या हाती देली वं त्याची गाडी?" आतून आवाज आला.

वहिनींनी इंजिन बंद केलं. नवऱ्याची पक्कड घेऊन त्या तिथंच मातीत बसल्या. तो स्प्रिंगचा एखादा वेढा कापून टाकायचा, हे त्यांना आठवलं. स्प्रिंग आखूड झाली की शूजना जास्त ताकदीनं आत ओढते, मग ते उशिरा सुटतात. त्यांनी एक वेढा कापला, तारेला नवा आकडा वळवला, बसवली आणि चालू केलं. नाही. परत उघडून अर्धा वेढा कापला. मी शेजारी उभा होतो, माझ्या दुकानातलं काम, आणि मला सांगण्यासारखं काही नव्हतं.

तिसऱ्या वेळी इंजिन भुरभुरत राहिलं, गाडी जागची हलली नाही. वहिनींनी हळूहळू रेस दिली. आवाज चढला. आणखी चढला. आता काही ही पकडत नाही असं मला वाटलं, आणि तेवढ्यात पकडली. चढलेला आवाज खाली बसला आणि गाडी आवारातून वळली. हुबेहूब तो. मी दाराकडे पाहिलं, खरंच पाहिलं.

"आला," म्हातारी म्हणाली.

आम्ही छपरीत आलो. धुरानं मला ठसका लागला. म्हातारीनं तोंड माझ्याकडे वळवलं. "बाबू, थंडी बाधली काय रे? हात धू, जेव."

मी "हो" म्हणालो.

का म्हणालो ते सांगता येत नाही. एवढ्या मायेनं विचारल्यावर तोंडातून निघून गेलं. म्हातारीचा चेहरा असा उजळला की वहिनींनी मान फिरवली. मला त्या बाहेर घेऊन गेल्या.

"भाऊ, गाडीचं मी माह्या अंगावर घेतलं. गाडी काई बोलत नाई. त्यायले जे समजाचं ते त्या समजतेत. तुमी बोलले, आता उद्या कोन बोलन?"

त्या रागावल्या नव्हत्या. मला रागावलेल्या चालल्या असत्या.

दुसऱ्या दिवसापासून गाडी आली की म्हातारी विचारायची, "काल बोलला, आज काहून बोलत नाई? माह्यावर रुसला काय?" जेवायची, पण रडत जेवायची. बाकी सगळं विसरणाऱ्या त्या बाईला माझा एक 'हो' आठ दिवस आठवत राहिला. त्या आठ दिवसांत मी तिकडून घरी गेलो नाही, तळ्याच्या बांधावरून लांबचा वळसा घेऊन जायचो. मग वहिनीच दुकानात आल्या.

"इसरल्या आत्याबाई," त्या म्हणाल्या. "तुमी बी इसरा. मान खाली घालून दुकानात नोका बसू."

त्यानंतर दोन वर्षं ती गाडी रोज चालली. वहिनी दिवसा शिलाईकाम करत, संध्याकाळी गाडी. शूज झिजले की त्या यायच्या, नवे कानाशी हलवून न्यायच्या. बसवायला मला कधी बोलावलं नाही, मीही विचारलं नाही. थंडीत एका दुपारी म्हातारी झोपेतच गेली.

तेराव्यानंतर मी भेटायला गेलो. गाडी छपरीतच होती, पुसून ठेवलेली.

"आत्याबाई गेल्यावर बी दोन सांजा चालवली म्या," वहिनी म्हणाल्या. मी काही विचारलं नव्हतं. "आत कोनी नाई, हे मालूम होतं. पन ते पकडते ना, भाऊ, तवा मी ताट काढाले उठून जात होती. मीच चालवून राहिली, मीच उठून राहिली. मंग भेव वाटला."

त्या भावाकडे आंधळगावला निघाल्या होत्या. भावाच्या मागांवर कांड्या भरायचं काम मिळणार होतं. गाडीचं काय करणार, असं मी विचारलं. "तुमी न्या," त्या म्हणाल्या. "पन सांजच्याले चालवू नोका."

बसपर्यंत मी त्यांची ट्रंक पोचवली. बस आली, त्या चढल्या, खिडकीशी बसल्या. हात केला नाही. मीही नाही.

त्यांनी सांगितलं ते मी पाळलं. आठवड्यानं भर दुपारी, दुकानासमोर ऊन असताना, मी गाडी खाली ठेवून दोरी ओढली. इंजिन एका ओढीत लागलं. मी रेस दिली. आवाज चढला, चढत गेला, पूर्ण चढला, आणि गाडी तिथंच उभी. मी इंजिन बंद करून क्लच उघडला. डबा आतून रिकामा होता. दोन्ही शूज आणि ती कापलेली स्प्रिंग वहिनींनी काढून नेली होती.

तसल्या शूजची खोकी माझ्या मागच्या फळीवर आहेत. बसवायला दहा मिनिटं पुरतात. मी अजून बसवलेले नाहीत.